शेपटातले तोरसकर

लग्न होऊन मी शांतीसदनात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेले, तर शेजारच्या दारात एक गृहस्थ कठड्याला पोट टेकून बशीतून चहा पीत उभे होते. अंगात गंजीफ्रॉक, जाड काड्यांचा चष्मा, नजर रस्त्यापलीकडे. नव्या सुनेला लोक नाव विचारतात, माहेर विचारतात. हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्यांना झाकण दिलं."

मला काही कळेना. मी आपली कसनुशी हसले.

"गटाराचं," ते म्हणाले. "लोखंडी, कोरं. आता आपलं बघा."

मी वाकून बघितलं. आमच्या बाजूच्या गटारावर एक फळी टाकलेली होती आणि कोणी पडू नये म्हणून फळीच्या फटीत झाडाची फांदी खोचली होती. ती फांदी तिथे इतके दिवस होती की तिला पालवी फुटली होती.

हे तोरसकर काका. गोदीतल्या एका कारखान्यात ते नकाशे काढण्याच्या कामाला होते. यंत्राचा एखादा भाग कागदावर उतरवायचा, त्याची मापं टाकायची, असं काम. पण त्यांचा खरा उद्योग हेवा करण्याचा. तोही असा-तसा नाही, अमक्याचा पगार जास्त आणि तमक्याची मुलगी अमेरिकेत असा किरकोळ नाही. तोरसकर काका रस्त्याच्या एका अख्ख्या बाजूचा हेवा करायचे.

त्याचं कारण असं. आमची इमारत लालबाग संपून घोडपदेव सुरू होतं त्या अंगाला. समोरचा रस्ता फार रुंद नाही. पलीकडच्या चाळीत कोणी जोरात शिंकलं तर आमच्याकडे ऐकू येतं. पण त्या रस्त्याच्या मधोमध विधानसभेच्या दोन मतदारसंघांची हद्द जाते. पलीकडचे एका आमदाराचे, आम्ही दुसऱ्याच्या. आमचा मतदारसंघ लांबट. त्याचं डोकं कुठे लांब, आणि तिथून निमुळता होत होत तो आमच्या रांगेतल्या आठ-नऊ इमारतींपाशी संपतो. काकांच्या भाषेत, "आपण शेपटातले." पलीकडचे त्यांच्या मतदारसंघाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे "पोटातले."

"खाल्लेलं आधी पोटात जातं, सूनबाई," ते मला समजावून सांगायचे. "शेपटाला काय मिळतं? माशा हाकलायचं काम."

इमारतीत कोणी नवीन भाडेकरू आला, कोणाचा जावई आला, की काका पहिला प्रश्न हाच विचारणार, "तुम्ही तुमच्याकडे शेपटातले की पोटातले?" माझ्या सख्ख्या भावाला त्यांनी हे विचारलं तेव्हा त्याला ती राशीची भानगड वाटली. त्याने कन्या राशीचा आहे म्हणून सांगितलं.

पलीकडे बाक आले. सिमेंटचे, पाठीवर आमदाराचं नाव कोरलेले. त्या संध्याकाळी काका मुद्दाम शर्ट घालून रस्ता ओलांडून गेले, एका बाकावर चांगला अर्धा तास बसले आणि परत येऊन जिन्यातच सगळ्यांना सांगितलं, "टोचतो." दोन दिवस त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

पलीकडे रस्ता खणला तरी त्यांना हेवा वाटायचा. "खणतात म्हणजे लक्ष आहे. खणणारा उद्या भरेल. आपल्याला कोणी खणतसुद्धा नाही." तिकडच्या एका मुलाला दहावीला बासष्ट टक्के मिळाले आणि आमदाराने त्याचा फोटो लावून हार्दिक अभिनंदन केलं. आमच्या मजल्यावरच्या मुलीला नव्वदच्या वर होते, तिचं अभिनंदन फक्त क्लासवाल्याने केलं, तेही पुढच्या वर्षीची जाहिरात म्हणून. काकांनी दोघांचे टक्के अख्ख्या इमारतीला ऐकवले. एकदा तर समोर एक म्हातारे वारले आणि त्यांना न्यायला आमदाराने ठेवलेली गाडी आली, फुलं लावलेली. आम्ही सगळे गॅलरीतून हात जोडून उभे. काकांनीही जोडले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मग म्हणाले, "आपल्याला खांदेकरी शोधावे लागतात."

घरात सगळे हसायचे. माझे मिस्टर प्रकाश तर त्यांना मुद्दाम डिवचायचे. पण ही लागण असते. वर्षभरात मीसुद्धा सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की आधी समोर बघायला लागले. तिकडे नळाला पाणी जास्त वेळ येतं का, तिकडचा झाडूवाला कोपरे काढतो का. सासरी आल्यावर सासूबाईंनी मला पाटल्या दिल्या आणि शेजारच्या काकांनी हा मत्सर दिला. पाटल्या मी सणालाच घालते.

आता सुलभाकाकूंबद्दल सांगायला हवं.

काका एकटे राहायचे. सकाळी पोहे किंवा पाव, दुपारी कामावर, रात्री खानावळीचा डबा. मला वाटलं, विधुर असतील. मग हळदीकुंकवाला आमच्याकडे एक बाई आल्या. उंच, सावळ्या, केसांत अबोलीचा गजरा, बोलायला मोकळ्या. सासूबाईंनी त्यांना अगदी घरच्यासारखं बसवून घेतलं. जाताना त्यांनी काकांच्या बंद दाराकडे बघितलं, कडीला अडकवलेली दुधाची पिशवी सरळ केली आणि जिना उतरून गेल्या. मी गॅलरीतून पाहिलं, तर त्या रस्ता ओलांडून समोरच्या चाळीत शिरल्या.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"तोरसकरांची बायको," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं माहेरच समोरचं. माझ्या लग्नाच्या काही वर्षं आधी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले, म्हणून त्या करायला गेल्या. रस्ताच ओलांडायचा, त्यात काय. वडील गेले, दिवस-कार्य झालं, पण त्या परतल्या नाहीत. भांडण नाही, वकील नाही, कोणाला मध्यस्थी करायला जागाच नाही. मूलबाळ नव्हतं. वडिलांच्या खोलीत त्यांनी शिलाई मशीन टाकलं आणि साड्यांना फॉल लावणं, ब्लाउज शिवणं सुरू केलं. काका त्यांच्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. फारच झालं तर "पलीकडच्यांना बरं नाही वाटतं, दिवा लवकर गेला," एवढंच. पलीकडचं बाकी सगळं ते डोळ्यांत तेल घालून बघायचे, आम्हाला वर्णन करून सांगायचे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीबद्दल त्यांचं काही म्हणणं नसायचं.

अशात बातमी आली की जनगणनेच्या नव्या आकड्यांवरून विधानसभेचे मतदारसंघ पुन्हा आखणार.

ही बातमी इमारतीत फक्त काकांनी वाचली. म्हणजे पेपर सगळ्यांकडे यायचा, पण असलं कोण वाचतं. त्या दिवसापासून माणूस बदलला. संध्याकाळी कामावरून आले की चपला काढायच्या आधी आमच्या दारात. सासूबाई परातीत तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. काका त्या परातीसमोर मांडी घालायचे आणि तांदळात बोटाने रेघा ओढून समजावायचे.

"हे बघा वहिनी, ही मुंबई. प्रत्येक मतदारसंघात माणसं साधारण सारखी हवीत. आता गिरण्या बंद पडल्या, इकडची माणसं कर्जत-कसाऱ्याला गेली. आपल्याकडे तांदूळ कमी झाला. उपनगरात ढीग. म्हणजे इकडचे मतदारसंघ पसरणार. रेघ हलणार. एकदा रेघ हलायची ठरली की ती कुठे न्यायची हे सांगायला आपण नको?"

"तोरसकर, मला भात टाकायचाय," सासूबाई म्हणायच्या.

"पाच मिनिटं. हे आपलं शेपूट. हे कापलं आणि इथे पोटाला जोडलं की झालं."

मसुदा प्रसिद्ध झाला. आमच्या रस्त्यावरची रेघ होती तिथेच होती. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. काकांनी रजा टाकली आणि घरात मोठा कागद पसरून नकाशा करायला घेतला. एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली. आमच्या इमारती पलीकडे जोडल्या तर तिकडची माणसं प्रमाणाबाहेर वाढत होती. म्हणजे तिकडून कोणालातरी बाहेर काढायला हवं. काकांनी फार विचार न करता मागची एक गल्ली काढून टाकली. त्या गल्लीत त्यांचे ऑफिसातले एक साहेब राहायचे.

"पण काका," मी नकाशावर बोट ठेवलं, "मग हे शेपूट त्या गल्लीला येईल."

"येऊ दे," ते पेन्सिलला टोक काढत म्हणाले. "प्रत्येकाने थोडे दिवस शेपटात काढावेत."

मग सह्यांची मोहीम. आठ-नऊ इमारतींत काका दारोदार फिरले. लोकांनी सह्या दिल्या, काहींनी कळून, बऱ्याच जणांनी काका दारातून हलावेत म्हणून. पहिल्या मजल्यावरच्या सावंतांनी विचारलं, "तोरसकर, आमदार बदलला म्हणून आपलं झाकण येईल कशावरून?" काकांना हा प्रश्न अपमानास्पद वाटला. ते सही न घेता निघून आले आणि सावंतांशी बरेच दिवस बोलले नाहीत.

सुनावणी माटुंग्याला एका सभागृहात होती. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, नकाशाची गुंडाळी प्लास्टिकच्या पाइपात घातली. बरोबर मी, प्रकाश आणि वरच्या मजल्यावरचे नाईक. टॅक्सीत काका पाइप मांडीवर आडवा धरून बसले होते, लहान मूल धरावं तसा.

सभागृह खच्चून भरलेलं. पुढाऱ्यांबरोबर पंचवीस-पंचवीस माणसं. कोणी म्हणे आमची वस्ती फोडली, कोणी म्हणे आमची जोडली. व्यासपीठावर तीन अधिकारी घाम पुसत ऐकत होते. दुपार उलटून गेल्यावर काकांचं नाव पुकारलं.

काका छान बोलले, हे मान्य करायला हवं. नकाशा दोन टोकांनी मी आणि प्रकाशने धरला. त्यांनी सांगितलं, आमचा आणि पलीकडचा बाजार एक, दूधवाला एक, गणपतीची वर्गणी मागायला येतात ती मंडळी एक, मेल्यावर पोचवायचं ठिकाणही एक. मग मतदारसंघ दोन का? शेपूट म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. मागच्या खुर्च्यांत हशा पिकला. अधिकारी सभ्य होते. म्हणाले, रस्ता ही सोयीची हद्द असते, शक्यतो ती मोडत नाहीत, पण तुमचं निवेदन नोंदवून घेतो. मग शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "या सूचनेवर कोणाची हरकत?"

उजव्या बाजूच्या रांगेतून एक बाई उठल्या. हिरवी सुती साडी, खांद्याला पर्स. प्रकाशने नकाशाचं टोक सोडलं आणि कागद माझ्या बाजूला फरकन गुंडाळला गेला. सुलभाकाकू होत्या.

"मी पलीकडून आलेय," त्या म्हणाल्या. "आमच्या चाळीतर्फे सांगते. ही हद्द आहे तिथेच राहू दे. आमच्याकडे आत्ता कुठे चार गोष्टी व्हायला लागल्यात. ही मंडळी आली की त्या वाटल्या जाणार."

"ठीक आहे. नोंदवून घेतो," अधिकारी म्हणाले.

पण काकू बसल्या नाहीत.

"आणि साहेब, मी स्वतः त्या बाजूला संसार केलाय. त्या बाजूची माणसं मला माहीत आहेत. मी मोठ्या मुश्किलीने रस्ता ओलांडला. आता तुम्ही तो रस्ताच उचलून माझ्या मागे ठेवू नका."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही या गृहस्थांना ओळखता?"

"मिस्टर आहेत माझे," काकू म्हणाल्या.

सभागृह असं हसलं की पुढाऱ्यांची माणसंही आपापली भांडणं विसरून हसली. अधिकारी हसू दाबायला पाणी प्याले. फक्त काका हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट गुंडाळला, पाइपात घातला आणि टोपण लावलं. टोपण लागेना, तरी ते लावत राहिले.

बाहेर आलो. काका फाटकापाशी थांबले. मला वाटलं, आता रस्त्यात काहीतरी होणार. काकू बाहेर आल्या, आम्हाला बघून थबकल्या. काका म्हणाले, "सुलभा, टॅक्सी आहे. बस."

नाईकांना एकाएकी दादरला काम निघालं आणि ते चालू पडले. प्रकाश पुढे बसले. मागे काका, काकू आणि दाराशी मी. परळच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. मी खिडकीबाहेर बघत होते, पण कान आत होते, ते कसे बंद करणार?

मग काका बोलले. आमच्याशी ते नेहमी शुद्ध बोलायचे, पण आत्ता त्यांची मालवणी आली.

"बाक टोचता," ते म्हणाले. "मी बसान बघितलंय. दिवे अर्धे पेटणत नाय. झाकणाचो आवाज रात्रभर. सगळा बघितलंय मी. इतकी वर्षां बघतंय. तिकडे असा आसा तरी काय गो?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस रोज सकाळी कठड्याला टेकून काय शोधत होता.

काकूंनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला.

"तिकडे काय नाय," त्या म्हणाल्या. "घरात होतंय तेव्हा तुमका कायम दुसऱ्याचा बरा दिसायचा. वहिनीची आमटी बरी, नाईकांच्या बायकोचा नीटनेटकेपण बरा. माझा कायच बरा नाय. म्हणान म्हटलंय, आपणच पलीकडे जावन बसूया."

टॅक्सी सुटली. लालबाग आल्यावर काकू आपल्या बाजूला उतरल्या, आम्ही आपल्या बाजूला.

अंतिम आराखडा आला, त्यात रेघ रस्त्यावरच होती. शेपूट शाबूत. काकू परत आल्या नाहीत. काका काही महिने गॅलरीत उभे राहायचे, पण नुसतेच, बातमी न देता. आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. मग एका सकाळी ते हळूच म्हणाले, "त्यांना बसस्टॉपला छप्पर दिलं," आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. फरक एवढाच की रविवारी ते बाजारातून बांगडे किंवा सौंदाळे घेऊन रस्ता ओलांडायचे आणि दुपारी चारला परत यायचे. काय जेवले ते सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "बरं होतं." दुसऱ्या कोणाच्या जेवणाचं नाव घ्यायचे नाहीत.

वर्षं गेली. काका निवृत्त झाले. माझे सासूबाई-सासरे गेले. आणि मग पलीकडच्यांना ते मिळालं ज्याच्यापुढे झाकण, बाक, छप्पर सगळं फिकं. त्यांना टॉवर मिळाला.

म्हणजे मिळणार होता. समोरची चाळ पाडून तिथे उंच इमारत होणार, सगळ्यांना स्वतंत्र फ्लॅट, स्वतंत्र संडास. चाळीपुढे उभ्या केलेल्या पत्र्यावर टॉवरचं मोठं चित्र लागलं. त्यात पोहण्याचा तलाव होता आणि तलावाकाठी गोरी मुलं होती. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यात कोणी धड जेवलं नसेल. आम्ही सगळे काकांकडे बघत होतो की आता हे काय म्हणतात. हे बोलायला आम्हाला शब्द हवे होते, आणि या विषयात शब्द त्यांच्याकडेच असायचे.

शेवटी प्रकाशने खडा टाकला, "काका, त्यांना टॉवर मिळतोय."

"मिळू दे," काका म्हणाले. "सावकाश मिळू दे."

चाळ रिकामी व्हायला लागली. कोणी बदलापूरला भाड्याने गेलं, कोणी मुलाकडे. काकूंचा भाचा विरारला होता, तो न्यायला आला होता म्हणतात. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून येत होते, तर रस्त्याच्या मधोमध हातगाडी. हातगाडीवर शिलाई मशीन, एक ट्रंक, दोन हंडे, गादीची वळकटी. पुढे हमाल, मागे तोरसकर काका, आणि त्यांच्या मागे काकू, हातात देवाचा डबा. काका एका हाताने येणाऱ्या टॅक्सीला थांबवत होते, वाहतूक पोलिसासारखे. काय बोलणं झालं, कोणी कोणाची मनधरणी केली, ते मला आजपर्यंत माहीत नाही. जिन्यात काकूंनी मला सांगितलं ते एवढंच, "घर होईपर्यंत हां. ताबा मिळाला की मी माझ्या घरी."

पुढे काम रखडलं. खड्डा खणला, खड्ड्यात पाणी साठलं, पाण्यात बगळे आले. पलीकडचे रहिवासी चिडले. मोर्चे निघाले. काकू मोर्चात पुढे असायच्या, हातात "आमचं घर आम्हाला द्या" असा फलक. काका सोबत जायचे, काकूंची पाण्याची बाटली आणि छत्री सांभाळायला. सगळे घोषणा द्यायचे, काका नाही. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही का ओरडत नाही?"

"मी का ओरडू?" ते म्हणाले. "माझं काय अडलंय?"

आणि आता ते आम्हाला जाळायला लागले. पूर्वी शेजारचा माणूस आपल्याबरोबर दुसऱ्याचा हेवा करायचा, त्यात सोबत होती. आता दुपारी बाराला त्यांच्या घरातून सुक्या खोबऱ्याच्या वाटणाचा वास यायचा आणि काका वाटीत माशाचं तिखलं घेऊन आमच्या दारात. "चाखून बघा, सूनबाई. तुमच्याकडे असं होत नाही." मी चाखायचे. खरंच होत नव्हतं. भिंतीपलीकडे दोघं मिठावरून, पेपरच्या पुरवणीवरून, पंख्याच्या वेगावरून मालवणीत वाद घालायची, आणि इकडे प्रकाश आणि मी आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेलो. इतकी वर्षं मी रस्त्यापलीकडे बघून हेवा केला. आता शेजारच्या दाराचा करायला लागले.

मध्यंतरी जनगणनेच्या बाई आल्या. ऐन उन्हाळा, दुपारची वेळ. कुठल्याशा शाळेतल्या शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, घामाने निथळत होत्या. काकांच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. पुढचं घर आमचं, म्हणून मीही तिथेच उभी होते.

"या मोजणीनंतर मतदारसंघ परत आखणार म्हणतात, काका," मी म्हटलं. "नकाशा काढा आता."

"काढू, काढू," काका म्हणाले, म्हणजे काढणार नाहीत हे कळलं.

बाई विचारत गेल्या. भिंती कशाच्या, पाणी कुठलं, संडास घरात की बाहेर. काका उत्तरं देत होते.

"घरात राहणारी माणसं किती?"

"दोन."

"विवाहित जोडपी?"

काका थांबले. आत काकू मिक्सरवर खोबरं वाटत होत्या, त्याचा आवाज येत होता. काकांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, मग बाईंच्या मोबाइलकडे. या प्रश्नाचं उत्तर ते दुसऱ्याला विचारल्याशिवाय देऊ शकत नव्हते, आणि विचारायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. बाईंना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्याने पुन्हा विचारलं.

मिक्सर बंद झाला.

"एक लिहा," आतून काकू म्हणाल्या. मग ओले हात पदराला पुसत दारात आल्या. "पण मी इथे घर होईपर्यंतच आहे हां. तेही लिहा."

"त्याला जागा नाही यात काकू," बाई म्हणाल्या आणि पुढचं बटण दाबलं.

काकू आत गेल्या. मिक्सर पुन्हा सुरू झाला. काका खुर्चीवर पुढे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, एक विचारू? समजा उद्या इथलं कोणी दुसरीकडे राहायला गेलं, तर हे बदलतं का?"

"नाही हो. एकदा पाठवलं की झालं. आता पुढच्या जनगणनेपर्यंत हेच." बाईंनी रुमालाने मान पुसली. "आणि ती कधी होईल कोणास ठाऊक. हीच किती लांबली बघा."

काका उठले. आतल्या खोलीतून टेबलफॅन उचलून आणला, वायर ओढून प्लग लावला आणि त्याचं तोंड बाईंकडे वळवलं.

"बसा निवांत," ते म्हणाले. "घाई नाही."